गणपूर्ती दोन

मंगरूळपीर
१८ ऑगस्ट २०२५

निकिता,

वर 'चि. सौ.' लिहिलं असतं तर तुला वाटलं असतं, सासूबाई हक्क सांगायला आल्या. म्हणून हजेरीपटावर असतं तसं नुसतं नाव लिहिलं. आशीर्वाद नेहमीचेच आहेत, ते धरून चाल.

तू फोन उचलत नाहीस. माझाही नाही, म्हणजे कमालच झाली. पण माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली आणि दरवर्षी मी पोरांना पत्रलेखन शिकवलं, तेव्हा माझ्या तावडीतून सुटलीस असं समजू नकोस. पुण्याचा पत्ता तुझ्या आईकडून घेतला. त्यांना बोलू नकोस, मीच फार मागे लागले होते.

आधी राग सांगून टाकते, म्हणजे तो मधे मधे यायचा नाही. मी वाशीमला बहिणीकडे काय गेले, तेवढ्यात तुम्ही घर विस्कटून ठेवलंत. परत आले तर तुझं कपाट रिकामं, प्रज्वल गच्चीवर मोबाइल घेऊन बसलेला, आणि तुझे सासरे देवघरात, जे एरवी दिवाळीलाही तिथे दिसत नाहीत. मी एकेकाला समोर बसवलं. उलटतपासणी घेतली तेव्हा कळलं. तुझ्या यंत्राची कंपनी काढायची म्हणून तिच्या कागदांचा मसुदा आला, त्यात संस्थापक म्हणून प्रज्वल आणि हे, अशी बापलेकांची दोनच नावं. तू विचारलंस, माझं कुठंय? आणि माझा लेक म्हणाला, "तू तं घरचीच हाय ना." दुसऱ्या दिवशी तू पुण्याची गाडी धरलीस. जुन्या नोकरीत तुला लगेच घेतलं हे ऐकून बरं वाटलं. मला न सांगता गेलीस याचा मात्र राग आहे. झालं, संपला विषय.

परत ये म्हणायला हे पत्र लिहीत नाहीये. अंगणात तुझं यंत्र ताडपत्रीखाली उभं आहे, येता-जाता ते दिसतं आणि तुझी आठवण येते, म्हणून लिहितेय.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा आपल्याकडे चिया नवा नवा होता. तिळाहून बारीक दाणा, त्यात त्याच मापाची माती आणि तणाचं बी. बायांनी दिवसभर सुपं धरून पाखडायचं, धुरळ्यानं नाक बंद, संध्याकाळी हात वर होत नाही. जो तो म्हणायचा, याला काहीतरी मशीन पाहिजे. घरात मेकॅनिकल इंजिनियर सून आलेली. मला वाटलं, आता ही लॅपटॉप उघडणार आणि झरझर चित्र काढणार. तू तर सूप घेऊन खळ्यावर रोजानं पाखडायला येणाऱ्या चतुराबाईच्या शेजारी बसलीस! आणि बसलीस ती खळं उलगडेपर्यंत. गावातल्या बाया हसल्या, म्हणाल्या, मास्तरणीची सून शिकून वाया गेली. मीही मनातून खट्टू झाले होते. मग एक दिवस जेवताना तू म्हणालीस, "आई, अजून प्रश्नच नीट कळला नाहीये, उत्तर कशाला काढू?"

निकिता, गणित न वाचता आकडेमोड सुरू करणाऱ्या पोरांवर मी आयुष्यभर ओरडत आले. माझ्याच घरात दोनदा गणित वाचणारी आली होती आणि मी खट्टू झाले होते. त्या दिवशी तुला वाढताना मी तूप जरा जास्तच घातलं, तुझ्या लक्षात आलं की नाही कोण जाणे.

इकडे बाकी ठीक. कंपनीचं काम चालू आहे म्हणतात. मला त्यातलं काय कळणार.

तुझी,
आई


२ सप्टेंबर २०२५

निकिता,

पत्राचं उत्तर आलं नाही. मी वाटही पाहिली नाही. (पोस्टमन आला की बाहेर जाते ती तुळशीला पाणी घालायला.)

काल महालक्ष्म्यांचं जेवण झालं. आंबील चांगली जमली, पुरण जरा पातळ झालं. पंगतीत माझ्या जावेनं सगळ्यांसमोर विचारलंच, "सून दिसत नाई वं कुठं?" मी म्हटलं, कामानं पुण्याला गेलीय, खूप मोठं काम आहे तिचं. आणि कुणी पुढचं काही विचारायच्या आत मी त्यांना कूलरची गोष्ट सांगायला लागले.

आठवतं ना? तुझा पहिला नमुना. जुन्या कूलरचा पत्रा, त्याचाच पंखा, टाकी-पंपही अजून तसेच, आणि पंख्याच्या वाऱ्यासमोर वरून चिया सोडायचा. एप्रिलचं ऊन, अंगणात पंखा घरघरतोय, आणि तू पाना आणायला आत गेलीस. तेवढ्यात हे बाहेरून आले. कूलर चालू आणि टाकी कोरडी! आपल्या गावात असं दृश्य बघून कुठला माणूस गप्प बसेल? यांनी लगबगीनं दोन बादल्या पाणी ओतलं, पंपाची कळ दाबली आणि हात पुसत उभे राहिले. तू बाहेर आलीस तोवर पाण्यानं फुगून सगळ्या चियाची खीर झाली होती. चाळणीतून लोंबत होती नुसती.

मी यांच्यावर तुटून पडले, तर हे म्हणतात, "पानी नसलं तं थंडी हवा कशी येईन? मोटर जयून जाईन ना!"

आम्ही सगळे तुझ्या तोंडाकडे बघत होतो. महिनाभराची मेहनत. आता ही रडणार, नाहीतर भांडी आपटणार. तू ओट्यावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलीस, आणि मग यांना विचारलंस, "बाबा, नेमकं काय दिसलं म्हणून पाणी टाकावंसं वाटलं?" हे बिचारे चाचरत सांगू लागले, आणि तू ते कॅलेंडरच्या मागे लिहून घेतलंस, जसं काही मोठ्या तज्ज्ञाचं मत आहे. खाली लिहिलंस, 'माणसाची सवयसुद्धा मापात धरायची.' पुढच्या यंत्राला टाकी नव्हती, कूलरची जाळी नव्हती. कुणाचा हात बादलीकडे जाईल असं त्यात काही ठेवलंच नाहीस.

मी असते तर नवऱ्याला बारा महिने ऐकवलं असतं. खरं म्हणजे ऐकवतेच आहे. म्हणून तुझं जास्त कौतुक वाटतं. चुकलेल्या माणसाला तू वेडा म्हणत नाहीस, तो का चुकला ते विचारतेस. मला शाळेत ते नेहमी साधलं असं नाही.

पंगत हसून लोळली. जाऊबाई म्हणाल्या, "बाप्पा, लय डोक्याची हाय तुह्यी सून." मला एवढा अभिमान वाटला की वाढपात मीठ द्यायचं राहून गेलं.

वाशीमचे ते प्रसेनजित, कंपन्यांची नोंदणी करून देतात ते, मागच्या आठवड्यात येऊन गेले. पत्त्याच्या कागदावर माझी सही हवी होती. कागद टेबलावर पडलाय. चष्मा कुठे ठेवला तो सापडत नाही.

आई


११ सप्टेंबर २०२५

निकिता,

चष्मा नाकावरच होता. तुला खरं सांगते.

कंपनीला राहायला घर लागतं. नोंदणीकृत कार्यालय म्हणतात त्याला, सरकारची पत्रं जिथे येतात तो पत्ता. त्यासाठी ताजं लाइट बिल लागतं आणि घरमालकाचं ना-हरकत पत्र. प्रसेनजितनी बिल हातात घेतलं, नाव वाचलं आणि यांच्याकडे बघायला लागले. बिल माझ्या नावानं! घरही माझ्या नावानं!

यात माझा काही पराक्रम नाही. हे घर घेतलं तेव्हा बाईच्या नावानं खरेदी केली तर स्टॅम्पात सूट मिळते असं यांना कुणीतरी सांगितलं. यांनी सूट घेतली आणि विसरून गेले. मीही विसरले होते म्हण. मालकीण असल्यासारखं मला कुणी कधी काही विचारलंच नव्हतं.

तर यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "अवं, इकडं ये, येक सही कर."

मी हात पुसले, चष्मा लावला आणि खुर्ची ओढून वाचायला बसले. हे म्हणाले, "वाचतं काय, खाली सही कर ना." मी म्हटलं, "वाचल्याशिवाय प्रगतिपुस्तकावर कधी सही केली नाही, आता काहून करू?" आणि पहिल्या पानापासून मोठ्यांदा वाचलं. कंपनीचं उद्दिष्ट, धान्य स्वच्छ करण्याची यंत्रं बनवणं. म्हणजे तुझं यंत्र. संचालक, प्रज्वल. संचालक, पुंजाजी, म्हणजे हे. भागधारक, पुन्हा हेच दोघे, निम्मे निम्मे. शेवटपर्यंत वाचलं. तुझं नाव कुठेच नव्हतं. तुझे सासरे, ज्यांनी तुझ्या यंत्रात पाणी ओतलं, ते निम्म्याचे मालक!

मी विचारलं, "निकिता कुठं हाय यात?"

प्रज्वल म्हणाला, "आई, ते घरचीच हाय ना. घरच्या मानसाचं नाव कायले पायजे?"

"मीबी घरचीच हाय ना बाप्पा," मी म्हटलं. "मंग माह्यी सही कायले पायजे?"

प्रसेनजितनी खाली मान घालून चहा घेतला. हसत होते, मी पाहिलं.

मी सांगून टाकलं, ज्या कंपनीत निकिताचं नाव पहिलं असेल तिला माझ्या घराचा पत्ता मिळेल, बाकीच्यांनी भाड्याची खोली बघावी. तेव्हापासून हे माझ्याशी बोलत नाहीत. भाजीत मीठ कमी असलं तरी बोलत नाहीत, गुपचूप खातात, त्यामुळे तसं काही वाईट चाललेलं नाही. पण कंपनीला मागून ठेवलेलं नाव ठरावीक दिवसच राखून मिळतं. ते गेलं तर सगळं पहिल्यापासून. आणि तुझा निरोप आल्याशिवाय मी तरी कुणाच्या जिवावर अडून बसू? यंत्र तुझं आहे, ते तुझ्याच नावानं उभं राहावं एवढंच मला पाहिजे. तुला ते अजून पाहिजे का, एवढं कळव.

आई


२४ सप्टेंबर २०२५

निकिता,

तू गप्पच आहेस, पण आज बातमी मोठी आहे म्हणून लिहिते.

परवा प्रज्वल यंत्र घेऊन कारंज्याला गेला होता, शेतकऱ्यांच्या गटाला दाखवायला. तुझी सगळी यंत्रं ज्यांनी जोडली ते वेल्डिंगवाले वहाबभाई बरोबर होते. त्यांनीच मला आधी सांगितलं, प्रज्वलनं नंतर. दोघांचं जुळलं म्हणून खरं मानते.

सकाळी यंत्र सुरेख चाललं. दुपारी वारा सुटला आणि कचऱ्याबरोबर चांगला चियाही उडायला लागला. कुठली झडप किती लावायची ते याला कळेना. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "हे फयी तिरपी काहून लावली गा?" हा म्हणाला, तशीच असते. "काहून तशीच असते?" हा ती फळी नुसती हलवून बघत राहिला. मग वहाबभाईंकडे वळले सगळे. वहाबभाई म्हणाले, "बाईनं हे मशीन माह्याकून कितीक खेपा तोडायले लावलं, पन दर टाइमाले काहून तोडलं थे समजावून सांगे. आता थेच नाई इथी, तं मी काय खाक सांगू?"

यावर माझा लेक सगळ्यांसमोर म्हणाला, "याचं उत्तर माह्या बायकोले मालूम हाय. मशीन तिचंच हाय. मी फक्त घेऊन आलो."

घरी आला, माझ्यासमोर बसला आणि तू त्या कॅलेंडरच्याच मागे काढलेली दोन चित्रं मागितली. मी कॅलेंडर जपून ठेवलंय हे त्याला ठाऊक होतं. एक पायऱ्यांचं चित्र, आधी गरज, मग आराखडा, मग यंत्र, मग विक्री, नुसतं खाली उतरत जायचं, मागे वळायचं नाही. आणि दुसरं चकलीचं. आतून सुरुवात, प्रश्न, विचार, नमुना, तपासणी, आणि पुन्हा प्रश्न, पण बाहेरच्या मोठ्या फेरीत. इंजिनियरिंगच्या पुस्तकात दोन्ही असतात असं तू म्हणाली होतीस, आणि काम बघून निवडायचं असतं. मी त्याला पोरांना समजावते तसं समजावलं. म्हटलं, तुला वाटलं ती उगाच तोडमोड करतेय, ती फेरी पूर्ण करत होती. तू शेवटच्या पायरीवर उभा राहून दुकान मांडायला निघालास. मान खाली घालून बसला होता. मारायचं वय असतं तर मीच मारलं असतं, पण त्याची दयाही आली.

दुसऱ्या दिवशी त्यानंच प्रसेनजितना फोन केला. आता नवे कागद असे. संचालक पहिली तू. जास्तीचे शेअर तुझे. यंत्राची रेखाटनं तुझ्याच नावावर राहतील, कंपनी ती तुझ्या लेखी परवानगीनं वापरेल. नाव तुझ्या आवडीचं मागितलंय, 'पाखड यंत्रे'. कायद्याला कमीत कमी दोन माणसं लागतात. प्रज्वल म्हणाला, दुसरा मी राहतो. मी म्हटलं, निकिता तुझ्या नावाला हो म्हणेपर्यंत नाही, दुसरी मी. तो म्हणतो, "तुले काय समजते वं त्यातलं?" मी म्हटलं, मला वाचता येतं, तुम्हा दोघांना येत असून तुम्ही वाचलं नव्हतं.

प्रसेनजितनी एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. नोंदणी झाली की कंपनी ही कायद्यानं वेगळीच व्यक्ती होते. तिचं स्वतःचं नाव, स्वतःचं खातं. आम्ही राहू न राहू, ती राहते. ती कुणाची सून नसते, तिला कुणी घरचीच म्हणून गुंडाळत नाही. आणि संचालकानं कंपनीच्या पत्त्यावर राहायला पाहिजे असाही नियम नाही. पुण्यात राहूनही चालतं. मी मुद्दाम दोनदा विचारून घेतलं.

हो किंवा नाही, एका ओळीत लिही.

आई


९ ऑक्टोबर २०२५

निकिता,

तुझं पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर बघताच मी ते पोस्टमनच्या हातातून ओढूनच घेतलं. पोस्टमन घाबरला.

तू हो म्हणालीस. शेअर सगळ्यात जास्त मलाच कशाला, वहाबभाईंनाही थोडे द्या, असं लिहिलंस. पाखडून पाखडून दुखावलेला चतुराबाईचा खांदा कसा आहे ते विचारलंस. (तसाच आहे. औषध लावते आणि तुझी वाट बघते.) आणि शेवटी लिहिलंस, राहायला मी येणार नाही, प्रज्वलचं आणि माझं काय ते आमचं आम्ही बघू, त्याची गाठ कंपनीशी घालू नका.

ते वाचून मला रडू आलं. कशाला लपवू? ही सगळी खटपट करताना कुठेतरी मला वाटत होतं, नाव लागलं की तू बॅग घेऊन दारात उभी राहशील, मी ओवाळून घेईन आणि सगळं पहिल्यासारखं होईल. मी दिवसभर कुणाशी बोलले नाही. यांना वाटलं आता मी अबोला धरला, म्हणून हेच आधी बोलले. म्हणाले, "नाई येनार का पोरगी?" मी नाही म्हटलं. तेही मग अंगणात जाऊन तुझ्या यंत्रावरची ताडपत्री नीट करत बसले. त्यांना तुझी आठवण येते, सांगत नाहीत.

मग मी तुझं पत्र पुन्हा वाचलं, तू सांगतेस तसं, प्रश्न नीट कळेपर्यंत. तू माझ्याकडे काय मागितलंस? तुझं काम तुझ्या नावानं राहावं, आणि त्याच्या बदल्यात कुणी तुझ्याकडून दुसरं काही वसूल करू नये. बरोबर आहे तुझं. मी तुझ्या जागी असते तर हेच मागितलं असतं, फक्त मागायची हिंमत झाली नसती.

आज दुपारी ना-हरकत पत्रावर सही केली. घरमालक म्हणून, पूर्ण नावानं. तुझ्या येण्या-न येण्याची अट त्यात घातलेली नाही. वहाबभाईंना शेअरचं सांगितलं तर म्हणाले, "माह्यं नाव कागदावर? ताजबीले सांगू दे पयले, ते इश्वास नाई ठेवनार." ताजबी म्हणजे त्यांची बायको. संध्याकाळी दोघंही पेढे घेऊन आले.

तुझी,
गोजरा (हल्ली पूर्ण नाव लिहायची सवय लागलीय.)


मंगरूळपीर
५ नोव्हेंबर २०२५

प्रति,
श्रीमती निकिता, संचालक,
पाखड यंत्रे प्रायव्हेट लिमिटेड

महोदया,

हसू नकोस. नोंदणीचं प्रमाणपत्र आलं. प्रज्वलनं छापून आणून दिवाणखान्यात लावलं. भिंतीत खिळा यांनी ठोकला, वाकडा. त्यावर दोन संचालकांची नावं नसतात हे बघून मला जरा वाईट वाटलं, पण प्रसेनजित म्हणाले, सरकारच्या दप्तरी आहेत आणि कुणीही काढून बघू शकतं. मग मी त्यांना तिथेच काढून दाखवायला लावली. तुझं वर आहे, माझं खाली.

नोंदणी झाल्यापासून महिन्याच्या आत संचालक मंडळाची पहिली सभा घ्यावीच लागते, आणि तिची सूचना निदान सात दिवस आधी पोचावी लागते. पोस्टानं पाठवलेली सूचनाही कायद्यात बसते. तेव्हा हे पत्र ती सूचना समजावं.

सभा रविवार, १६ नोव्हेंबर, सकाळी अकरा वाजता, नोंदणीकृत कार्यालयात, म्हणजे आपल्या ओसरीवर होईल. विषय असे. अध्यक्ष निवडणे, ज्यात मी तुझं नाव सुचवणार आहे आणि विरोध करायला दुसरं कुणी नाही. बँकेत खातं उघडणे, हिशेब तपासनीस नेमणे. आणि फाल्गुनातल्या खळ्यांआधी यंत्राची पुढची फेरी कशी करायची ते ठरवणे. वाऱ्याची झडप आणि चतुराबाईचा खांदा, दोन्ही त्यात येतात.

प्रज्वल संचालक नाही, त्याला सभेत बसता येणार नाही. त्या दिवशी तो वाशीमला जाईन म्हणाला, स्वतःहून. तुला अवघडू नये म्हणून. त्याच्याशी बोलायचं असेल तर तुझं तू ठरव, मी त्यात पडत नाही.

मोबाइलवरून चित्रात हजर राहिलं तरी ती हजेरी धरतात, हेही मी विचारून घेतलंय. तुला तेच बरं वाटत असेल तर तसं कर, मी रुसणार नाही. रुसले तरी तुला कळू देणार नाही.

पण एक नियम तुला कळवणं माझं काम आहे. सभा भरायला निदान दोन संचालक लागतात. गणपूर्ती दोन, असं लिहिलंय. आपण आहोतच दोघी. मी एकटी त्या ओसरीवर कितीही वेळ बसले, वेणीफणी करून, कागदांची फाइल मांडीवर घेऊन, तरी त्याला सभा म्हणत नाहीत, निकिता. त्याला नुसतं वाट बघणं म्हणतात.

आपली,
गोजराबाई
संचालक